स्कूल डिस्ट्रिक्टची नोकरी, न्यू जर्सी: लंच एडपासून मॅथ टीचरपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्यात बी.एस्सी. बी.एड. झालंय, तिथे सात वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं, नवऱ्याच्या नोकरीमुळे एडिसनला आलो, एच-४ (एच-१ व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) चं ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, नुकतंच हातात पडलंय. इथल्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी कशी मिळते, आपलं बी.एड. चालतं की सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं? आणि शेवटी एक वाक्य, "चाळीस ठिकाणी अप्लाय केलं, एकाचाही रिप्लाय नाही."

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते कारण मीही तिथूनच गेलीये. रिप्लाय येत नाही यात तुमच्या अनुभवाचा काही दोष नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये न्यू जर्सीचं शिकवायचं सर्टिफिकेट आहे का असा रकाना असतो, तो रिकामा सोडला की तुमचा अर्ज बहुतेक वेळा प्रिन्सिपलच्या डोळ्यासमोर येतच नाही. सात वर्षांचा अनुभव, शंभर टक्के निकाल, कव्हर लेटर, सगळं त्या रकान्याच्या अलीकडेच राहतं.

आधी डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण आपल्या डोक्यात जिल्हा परिषद असते. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नाही. न्यू जर्सीत काउंट्या २१, पण स्कूल डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास, म्हणजे जवळपास प्रत्येक गावाचा आपला वेगळा. प्रत्येकाचं बोर्ड ऑफ एज्युकेशन वेगळं, बजेट वेगळं, पगाराचा तक्ता वेगळा, एचआरचा माणूस वेगळा (छोट्या डिस्ट्रिक्टात एचआर म्हणजे सुपरिटेंडंटची सेक्रेटरीच, आणि तिच्याशी गोड बोलणं फार महत्त्वाचं). महाराष्ट्रातल्या पवित्र पोर्टलसारखं एकच पोर्टल, एकच परीक्षा, एकच मेरिट लिस्ट असलं काही इथे नाही. राज्य फक्त सांगतं की ही बाई शिकवायला पात्र आहे, तिला घ्यायचं का ते ज्याचं त्याचं डिस्ट्रिक्ट ठरवतं. आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे शेवटी एक प्रिन्सिपल, ज्याला ओळखीचा, मुलांबरोबर वागताना पाहिलेला माणूस हवा असतो.

म्हणून माझा सल्ला असा की सर्टिफिकेटचं काम आजच सुरू करा, आणि ते होईपर्यंत घरी बसू नका, छोट्या कामाने शाळेत शिरा. दोन्ही एकदम. नुसतं पहिलं केलं तर कागद येतो पण ओळखीचं कोणी नसतं, नुसतं दुसरं केलं तर दहा वर्षं पॅरा, म्हणजे वर्गातली मदतनीस, म्हणूनच राहता. अशा तीन-चार जणी माझ्या माहितीत आहेत, एम.एस्सी. झालेल्या, आणि अजून तासावर काम करतात. कारण विचारलं तर "ट्रान्स्क्रिप्टचं राहूनच गेलं गं".

आता कागद. पहिली पायरी म्हणजे तुमच्या डिग्रीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे आपली डिग्री इथल्या हिशोबात कशी बसते याचा एखाद्या संस्थेने दिलेला रिपोर्ट, आणि तो कोर्स-बाय-कोर्स प्रकारचा. साधं डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट स्वस्त असतं पण ते इथे उपयोगाचं नाही, मी आधी तेच केलं आणि पैसे पाण्यात गेले. त्यासाठी युनिव्हर्सिटीकडून ट्रान्स्क्रिप्ट लागतं, आणि ते थेट त्यांच्याकडून सीलबंद किंवा ऑनलाइन जावं लागतं, तुम्ही घरातल्या मार्कशीटच्या झेरॉक्स पाठवून चालत नाही. यात किती वेळ जाईल ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणून आधी हेच. पुण्यात कोणी भाऊ, दीर, मैत्रीण असेल तर त्यांना कामाला लावा. बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्हीचं एकदमच करून घ्या, कारण आपली तीन वर्षांची डिग्री सगळ्या संस्था सारखी धरत नाहीत, कुणी इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची म्हणतं, कुणी तीन वर्षांचं शिक्षण एवढंच लिहितं, आणि बी.एड. जोडलेलं असलं की बाजू भक्कम होते. पैसे भरायच्या आधी त्या संस्थेला ईमेल करून विचारा, शिवाय संस्था राज्याने मान्य केलेली आहे ना तेही बघा.

जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ३.० लागतो हे वाचून घाबरू नका. आपल्याकडचे साठ टक्के म्हणजे या इव्हॅल्युएशनमध्ये बऱ्याचदा ए येतो. माझे एकसष्ट टक्के होते, आयुष्यभर लाज वाटली आणि इथे ए बघून मी रिपोर्ट दोनदा उघडला.

गणित शिकवायचं तर गणिताचे ३० क्रेडिट लागतात, त्यातले किमान १२ वरच्या पातळीचे. बी.एस्सी. मॅथ्स असेल तर प्रश्न नाही, पण केमिस्ट्री मेन आणि गणित दुय्यम असं असेल तर मोजून बघा, कमी पडले तर कम्युनिटी कॉलेजमध्ये किंवा ऑनलाइन भरून काढता येतात. मग त्या विषयाची प्रॅक्सिस परीक्षा. २०२५ च्या जानेवारीपासून न्यू जर्सीने बेसिक स्किल्सची, म्हणजे वाचन-लेखन-गणिताची वेगळी परीक्षा काढून टाकली आहे, आम्हाला ती द्यावी लागली होती, तुमचं एक झंझट कमी. विषयाची मात्र द्यावीच लागते. गणिताची तुमच्यासारखीला अवघड नाही, फक्त स्टॅटिस्टिक्सचा भाग आणि स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर यांची सवय करून जा.

एवढं आणि राज्याच्या बाकी अटी पूर्ण झाल्या की सीई नावाचं सर्टिफिकेट मिळतं, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. याचा अर्थ तुम्ही नोकरी शोधायला पात्र, बस. नोकरी लागली की ऑल्टरनेट रूटचे, म्हणजे इथलं टीचर ट्रेनिंग न झालेल्यांसाठीचे, क्लासेस नोकरी करता करता पूर्ण करायचे, संध्याकाळी, साधारण दोन वर्षं, मग स्टँडर्ड सर्टिफिकेट. ज्यांचं टीचर ट्रेनिंग आधीच पूर्ण झालंय असं राज्य मानतं त्यांना सीईएएस मिळतं आणि हे क्लासेस लागत नाहीत. आपल्या बी.एड.वर ते मिळतं का हे तुमच्या बी.एड.मध्ये प्रॅक्टिस टीचिंग किती होतं आणि इव्हॅल्युएशनमध्ये काय लिहून येतं त्यावर आहे. अर्ज करताना विचारायला काय जातंय. म्हणजे "बी.एड. चालतं का" याचं उत्तर, फुकट जात नाही पण नुसतं तेवढ्यावर दारही उघडत नाही.

आता दुसरी बाजू, आत शिरण्याची.

मी २००९ ला आले. तेव्हा एच-४ वर काम करायची सोयच नव्हती, सहा वर्षं घरात. २०१५ च्या मे महिन्यात नियम आला, आणि त्या सप्टेंबरला मी लंच एड म्हणून लागले. दिवसाचे अडीच तास. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे मुलांना डबे उघडून द्यायचे?" हो, अगदी तेच. दोनशे मुलं, थर्मासची घट्ट झाकणं, केचपच्या पुड्या, दुधाचे खोके, आणि वर तो आवाज, डोकं भणभणून जायचं. पण त्या अडीच तासात मी पुस्तकातून कळलं नसतं असं बरंच शिकले, कोणाला कसं हाक मारायची, मूल रडलं तर किती जवळ जायचं, हात लावायचा की नाही (शक्यतो नाही), नट अ‍ॅलर्जीचं टेबल म्हणजे काय आणि त्यात चूक झाली तर काय होतं.

एक मुलगा होता, किंडरगार्टनचा, कानाला मोठे हेडफोन लावून यायचा. एकदा फायर ड्रिल झाल्यावर तो टेबलाखाली जाऊन बसला आणि बाहेरच येईना. सगळ्या वरून "कम आउट हनी, कम आउट" करत होत्या. मी काही विचार वगैरे केला नव्हता, मी फक्त दोन हात लांब फरशीवर बसले आणि त्याची चिप्सची पिशवी त्याच्याकडे सरकवली, तोंडाने काही बोलले नाही. पाच-सहा मिनिटांनी त्याने एक चिप माझ्याकडे सरकवली. व्हाइस प्रिन्सिपल दारात उभी होती हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, पॅराची जागा निघतेय, तू अप्लाय करशील का. तोपर्यंत मी ऑनलाइन पॅरासाठी पंधरा ठिकाणी अर्ज केले होते.

पॅरा म्हणजे पॅराप्रोफेशनल, एड, असिस्टंट, नाव डिस्ट्रिक्टप्रमाणे बदलतं. बहुतेक जागा स्पेशल एज्युकेशनमध्ये, एका मुलाबरोबर किंवा एका वर्गाबरोबर. टायटल वन शाळेत (गरीब घरची मुलं जास्त म्हणून केंद्राची मदत मिळणारी शाळा) कॉलेजची दोन वर्षं किंवा पॅराप्रो नावाची परीक्षा लागते, तुमची डिग्री आहे म्हणजे हे आपोआप झालं. पगार तासावर, मिनिमम वेजच्या थोडा वर, त्यात घर चालत नाही हे स्पष्ट सांगते. आणि बरीच डिस्ट्रिक्टं मुद्दाम तीस तासांच्या आत ठेवतात म्हणजे हेल्थ इन्शुरन्स द्यायला नको, ऑफर लेटरमध्ये तासांचा आकडा बघा.

तुमच्यासाठी मला सब जास्त बरं वाटतं, सब्स्टिट्यूट टीचर. साठ कॉलेज क्रेडिट हा त्याचा नेहमीचा नियम, तुमच्याकडे डिग्रीच आहे, आणि तेच इव्हॅल्युएशन इथेही चालतं. दिवसाला साधारण एकशे दहा-वीस ते दीडशे डॉलर, डिस्ट्रिक्टवर आहे. काही डिस्ट्रिक्ट स्वतः घेतात, काही बाहेरच्या स्टाफिंग कंपनीकडून, तेव्हा डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर आधी तेच बघा. सकाळी साडेपाच-सहाला फोन किंवा अ‍ॅपवर मेसेज येतो, साडेसातला शाळेत हजर. म्हणजे स्वतःची गाडी आणि लायसन्स पाहिजेच, नवरा सोडेल हे गणित तीन दिवस चालतं. सबचा फायदा असा की पाच शाळा बघायला मिळतात, आणि कुठल्या शाळेत माणसं हसतात ते कळतं. जिथे आवडेल तिथे टीचरसाठी व्यवस्थित चिठ्ठी लिहून या, काय झालं, काय राहिलं, कोण मदतीला आलं. दुसऱ्या वेळेस ती टीचर नाव घेऊन तुम्हालाच बोलावते, आणि टीचर बाळंतपणाच्या रजेवर गेली की तीन-चार महिन्यांची लीव्ह रिप्लेसमेंट निघते. सीई हातात असलेल्या सबला ती मिळाली तर ती म्हणजे रोज चालणारा इंटरव्ह्यूच.

जागा कधी निघतात हे कळायला एक युक्ती सांगते, फुकट आहे आणि कोणी करत नाही. बोर्डाच्या मीटिंगचा अजेंडा वेबसाइटवर असतो, त्यात पर्सोनेल नावाचा भाग असतो आणि कोण रिटायर होतंय, कोण राजीनामा देतंय, कोण रजेवर चाललंय, सगळं नावानिशी आणि तारखेनिशी. जून अखेर रिटायर होणाऱ्या मॅथ टीचरचं नाव तुम्हाला फेब्रुवारीतच कळतं, जाहिरात नंतर येते. टेन्युअर (नोकरी कायम होणं) नसलेल्यांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मे पर्यंत सांगावं लागतं, त्यामुळे मे-जूनमध्ये दुसरी लाट, आणि ऑगस्टमध्ये तिसरी, कारण करारात बहुतेक ६० दिवसांची नोटीस असते आणि जूनअखेर कोणी सोडून गेलं की सप्टेंबर उघडायला आलेला असतो, तेव्हा प्रिन्सिपल घायकुतीला आलेले असतात. माझी नोकरी २०१९ च्या ऑगस्टमधलीच.

इंटरव्ह्यूबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या बायका इथेच अडकतात. प्रिन्सिपल, विषयाची सुपरवायझर, एक-दोन टीचर असतात. "माझा निकाल शंभर टक्के" हे त्यांना काही सांगत नाही. ते विचारतात, एखादं मूल मागे पडत होतं तेव्हा तू काय केलंस. मग एकाच मुलाची गोष्ट सांगा, त्याला काय येत नव्हतं, तुम्हाला ते कसं कळलं, काय बदललं, मग काय झालं. आणि "वीक स्टुडंट" हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. आपल्याकडे तो सर्रास चालतो, इथे समोरच्याची भुवई वर जाते. आयईपी आणि ५०४ (खास गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेने लेखी ठरवलेल्या योजना) म्हणजे काय ते वाचून जा, शिस्तीचा प्रश्न आला की शिक्षेवर जाऊ नका, नियम कसे बसवाल, घरच्यांशी कधी बोलाल ते सांगा.

त्यानंतर डेमो लेसन. माझा पहिला डेमो सातवीच्या वर्गावर, रेशो. मी फळ्यावर लिहिलं आणि सवयीने म्हणाले, "फाइव्ह इंटू फोर, ट्वेंटी." पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, म्हणाली पण ते तर एकपेक्षा कमी येईल ना? मला कळेचना ही काय म्हणतेय. इथे इंटू म्हणजे भागाकार, फाइव्ह इंटू ट्वेंटी म्हणजे वीसला पाचने भागायचं, गुणाकाराला टाइम्स. पुढची दहा मिनिटं मी प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी मनात तपासत होते, आणि ते दिसत होतं. ती नोकरी गेली. तेव्हा ही यादी आत्ताच घ्या: ब्रॅकेटला पॅरेंथेसिस, एचसीएफला जीसीएफ, बोडमासला पेमडास, सर्डला रॅडिकल, वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी मधल्या सी च्या जागी बी, आणि झेडला झी. सब म्हणून महिनाभर मॅथच्या वर्गात बसलात तर हे आपोआप जिभेवर बसतं.

ऑफर आली म्हणजे झालं नाही. बोर्डाच्या मीटिंगमध्ये नाव मंजूर व्हावं लागतं, आणि त्याआधी कागदांचा ढीग. बोटांचे ठसे, ते राज्य पोलीस आणि एफबीआय दोन्हीकडे जातात. टीबीची टेस्ट, आणि इथे एक खास आपल्यासाठी: लहानपणी बीसीजी घेतलेली असते, त्यामुळे हातावरची मँटू टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरचं पत्र, आठवडा गेला. डॉक्टरला आधीच सांगा की बीसीजी झालंय, रक्ताची टेस्ट करा, आणि ती चालेल ना हे शाळेच्या नर्सला विचारून घ्या.

तिसरा कागद सगळ्यात गंमतीचा. २०१८ च्या एका कायद्याने गेल्या वीस वर्षांत मुलांशी संबंध येईल अशा जिथे जिथे काम केलं त्या सगळ्या मालकांकडून लेखी घ्यावं लागतं की या व्यक्तीविरुद्ध मुलांच्या लैंगिक किंवा इतर छळाची तक्रार नव्हती. म्हणजे तुमच्या पुण्याच्या शाळेलाही ईमेल जाणार. माझ्या एका मैत्रिणीच्या जुन्या शाळेतल्या क्लार्कने तो फॉर्म उघडला, विषय वाचला आणि शाळाभर झालं की बाई अमेरिकेत पोलीस केसमध्ये अडकल्या. हेडबाईंचा तिच्या आईला फोन. उत्तर मात्र कोणी पाठवलं नाही, आणि इकडे एचआर रोज विचारतेय.

सहीआधी एकच गोष्ट मागा: स्टेप. पगाराचा तक्ता असतो, उभ्या स्टेप म्हणजे अनुभवाची वर्षं, आडवे कॉलम म्हणजे बीए, बीए प्लस, एमए. तक्ता युनियनच्या करारात असतो आणि वेबसाइटवर सापडतो. पगारावर घासाघीस होत नाही पण कुठल्या स्टेपवर ठेवायचं यावर होते, आणि ती फक्त सहीआधी. भारतातली वर्षं धरायची की नाही हे डिस्ट्रिक्टच्या हातात असतं. मी विचारलंच नाही, आनंदात सही केली, पहिल्या स्टेपवर बसले. माझी पुण्या-मुंबईची पाच वर्षं अशीच गेली, शेजारच्या वर्गात केरळची एक टीचर आली तिने लेटरहेडवर अनुभवाचं पत्र आणून चार स्टेप मिळवल्या. आमच्या भागात सुरुवात पंचावन्न-साठ हजारांच्या आसपास असते, चार स्टेप म्हणजे दर वर्षीचा फरक, एकदाचा नाही.

बाकी पटकन. पगार दहा महिन्यांचा, जुलै-ऑगस्ट खात्यात काही येत नाही, पहिल्या उन्हाळ्यात आमचं चांगलंच फाटलं होतं. पेन्शन आहे, टीचर झालात की आपोआप, पण दहा वर्षं भरावी लागतात, मध्येच टेक्सासला गेलात तर फक्त तुमचे भरलेले पैसे परत. टेन्युअरला चार वर्षं आणि एक दिवस. ईएडी संपायच्या सहा महिने आधीच रिन्यूअल भरा, एक दिवसाचाही गॅप पडला तर एचआर तुम्हाला वर्गात उभं करू शकत नाही, कितीही आवडत असलात तरी. डिस्ट्रिक्ट तुमचा एच-१ व्हिसा करेल या आशेवर मात्र राहू नका, तो खर्च आणि लॉटरी बहुतेक डिस्ट्रिक्टांना नको असते.

आणि एक, नोकरी लागल्यावरचं. गणपतीला मंडळात कोणीतरी हमखास विचारणार, "अगं तू त्याच शाळेत ना, आमच्या आर्यनचं कसं चाललंय, आणि तो शेजारचा मुलगा स्पेशल एडमध्ये आहे का गं?" काही सांगायचं नाही. हसून मोदक पुढे करायचा. मुलांची माहिती बाहेर सांगणं हा इथे कायद्याचा विषय आहे आणि आपल्या माणसांना ते शिष्टपणा वाटतो, वाटू दे.

आता लगेचचं सांगते. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज या आठवड्यात, सबचा अर्ज जवळच्या तीन डिस्ट्रिक्टांत. आणि पुण्याच्या हेडबाईंना तिकडच्या सकाळी फोन करा, अनुभवाचं पत्र लेटरहेडवर मागा, आणि हेही सांगून ठेवा की एक विचित्र विषयाचा ईमेल येईल, घाबरू नका, सगळ्यांना येतो, फक्त "नाही"वर खूण करून परत पाठवा.